वाचलेलं पेपरमध्ये का आठवत नाही? अभ्यासाच्या पद्धती, मेंदूतल्या वेगवेगळ्या स्मृती आणि त्यांना कामाला लावायच्या पायऱ्या

"पॉलिटी (राज्यघटनेचा विषय) तीनदा वाचून झालंय, ते वाक्य पानावर कुठल्या बाजूला होतं हे पण डोळ्यासमोर येतं, पण कलम काही केल्या आठवलं नाही." सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेखाली पेपरच्या दुसऱ्या दिवशी चहाला उभं राहा, हे ऐकू येणारच. आणि त्यावर मिळणारा सल्ला पण ठरलेला, अजून एक रीडिंग मार, तास वाढव. मला या सल्ल्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलं बिचारी मनापासून बारा बारा तास बसतात आणि तरी पुढच्या पेपरला परत तेच होतं. अडचण बहुतेक वेळा तासांची नसते. मेंदूत लक्षात ठेवणारी यंत्रणा एकच नाहीये, वेगवेगळ्या आहेत, आणि आपण ज्या पद्धतीने अभ्यास करतो त्यावरून ठरतं की त्यातली कुठली कामाला लागणार. पेपरला एक लागते आणि वर्षभर आपण दुसरीलाच राबवतो, असं झालं की मग तास कितीही घाला.

एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बारावी, तुम्ही कशाचाही अभ्यास करत असाल तरी हे लागू होतं. लेख जरा मोठा आहे, आधी यंत्रणेबद्दल आहे आणि मग पायऱ्या. घाई असेल तर पायऱ्यांवर जा, पण यंत्रणा कळली तर पायऱ्या पाळायला सोपं जातं असं माझं मत आहे, कारण यातल्या बऱ्याच पायऱ्या करताना "आपलं काहीतरी चुकतंय" असं वाटतं आणि लोक मध्येच सोडून देतात.

आधी यंत्रणा समजून घ्या

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. त्याला फिट्स यायच्या, त्या थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना, भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तरी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं, आरशात बघत बघत कागदावरच्या चांदणीची बाह्यरेषा पेन्सिलीने गिरवायची. हात उलटा चालतो त्यामुळे सगळ्यांनाच सुरुवातीला जमत नाही. मोलेसन दिवसागणिक त्यात चांगला होत गेला, चुका कमी होत गेल्या, आणि तरी प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय! म्हणजे हात शिकत होता पण "मी शिकलो" ही आठवण तयार होत नव्हती. एकाच मेंदूत दोन वेगळ्या स्मृती आहेत हे यातून जगाला कळलं.

तर ढोबळमानाने तीन नावं लक्षात ठेवा. हिप्पोकॅम्पस, हा माहिती, घटना, कशाचा कशाशी संबंध आहे ते पकडतो, आणि इथं पकडलेलं आपण फिरवून विचारलेल्या प्रश्नालाही वापरू शकतो. स्ट्रायटम, हा सवयीचा भाग, पुन्हा पुन्हा करून, बरोबर-चूक कळत कळत हळूहळू शिकतो, एकदा बसलं की फास्ट चालतो पण प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने आला की अडतो. आणि तिसरी वर्किंग मेमरी, म्हणजे आत्ता या क्षणी डोक्यात जेवढं धरून ठेवून आपण विचार करतोय तेवढी जागा. ही फार लहान असते, जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी म्हटलं होतं, २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी सगळा हिशोब परत मांडून तो आकडा चारच्या आसपास आणला.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. लोकांना पत्ते दाखवायचे, त्यावर वेगवेगळ्या आकृत्या, आणि त्यावरून आज पाऊस की ऊन ते सांगायचं. २००१ मध्ये रसेल पोल्डरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ दोन तऱ्हेने शिकवला. काहींना आधी अंदाज करायला लावला आणि मग बरोबर की चूक ते सांगितलं, बाकीच्यांना पत्ते आणि त्यांचं उत्तर एकत्रच दाखवलं, फक्त बघा आणि लक्षात ठेवा. स्कॅनमध्ये दिसलं काय, तर अंदाज करणाऱ्यांच्या डोक्यात स्ट्रायटमवाला भाग जास्त चालू आणि हिप्पोकॅम्पसकडचा भाग थंड, आणि नुसतं बघून लक्षात ठेवणाऱ्यांत हिप्पोकॅम्पसकडचा भाग चालू. पत्ते तेच आणि उत्तरंही तीच, फक्त शिकायची पद्धत बदलली तर काम करणारी यंत्रणा बदलली. यावरून नुसतं बघणंच चांगलं असं मात्र समजू नका, इथे लोक उत्तर माहीत नसताना अंदाज मारत होते, तिसऱ्या पायरीत आपण आधी वाचून मग आठवणार आहोत, ते वेगळं.

पाच वर्षांनी, २००६ मध्ये, कॅरिन फोर्डे, बार्बरा नॉल्टन आणि पोल्डरॅक यांनी अजून एक गोष्ट केली. हाच खेळ शिकताना लोकांना कानात वाजणारे टोन मोजायला लावले, म्हणजे लक्ष दोन ठिकाणी. गंमत म्हणजे पाऊस-ऊन ओळखण्यात ते मागे पडले नाहीत. पण नंतर "कुठल्या पत्त्याचा कशाशी संबंध होता" असं नीट विचारलं तर त्यांना कमी सांगता आलं, आणि त्यांचं शिकणं हिप्पोकॅम्पसऐवजी स्ट्रायटमच्या जोरावर झालं होतं. आता डोळ्यासमोर आणा, शेजारी मोबाईल, टेलिग्राम ग्रुपवर टिंग टिंग, आणि आपण क्विझ सोडवतोय. स्कोअर चांगला येतोय म्हणून आपण खुश, पण जे शिकलो ते वेगळ्या शब्दांत विचारलं की हात रिकामे.

पहिली पायरी: सिलॅबसवर खुणा करा

सिलॅबसची प्रिंट घ्या आणि प्रत्येक घटकापुढे लिहा की पेपरमध्ये इथे मला नक्की काय करावं लागणार. बघून ओळखायचं, कोऱ्या कागदावर स्वतःहून लिहायचं, की हात आपोआप चालला पाहिजे. बास, तीनच खुणा.

हे का गरजेचं आहे ते एमपीएससीवाल्यांना सांगायला नको. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्षानुवर्षं पर्यायवाली होती, आयोगाने वर्णनात्मक करायचं ठरवल्यावर २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आणि शेवटी ती २०२५ पासून लागू झाली. तेव्हा मुलांची तळमळ खोटी नव्हती. चार पर्यायांतून ओळखणं आणि कोऱ्या पानावर उत्तर उभं करणं या दोन वेगळ्या ताकदी आहेत, एक असली की दुसरी आपोआप येत नाही. उलट बाजूने मात्र जमतं, ज्याला स्वतःहून लिहिता येतं त्याला पर्यायांत बहुतेक वेळा ओळखता येतं. म्हणून शंका असेल तिथे लिहायची खूण करा.

पाढे, बेरजा-गुणाकार, टायपिंग, व्याकरणातले साधे नियम, हे आपोआपवाल्या रांगेत टाका.

दुसरी पायरी: पहिलं वाचन, छोटे तुकडे आणि जोडलेले तुकडे

नवीन विषय घेतला की वर्किंग मेमरीचीच अडचण पहिली येते. चार जागांमध्ये तुम्ही बारा सुटी कलमं कोंबायला गेलात तर ती राहणारच नाहीत. म्हणून आधी गठ्ठे बांधा. मूलभूत हक्कांचंच घ्या, १४ ते १८ समता, १९ ते २२ स्वातंत्र्य, २३-२४ शोषणाविरुद्ध, २५ ते २८ धर्मस्वातंत्र्य, २९-३० सांस्कृतिक आणि शैक्षणिक, ३२ मध्ये हे हक्क मोडले तर कोर्टात जायचा हक्क. मग स्वतःला विचारा की मधलं ३१ कुठे गेलं? ते मालमत्तेच्या हक्काचं होतं, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्कांतून काढलं आणि तो हक्क ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून राहिला. आता बघा, सहा गठ्ठे, एक मोकळी जागा आणि त्या जागेमागचं कारण, एवढ्यात १४ ते ३२ बसलं. "का" विचारून जोडलेली गोष्ट हिप्पोकॅम्पसला पकडायला सोपी जाते, सुटा आकडा अवघड जातो.

गणित किंवा फिजिक्सचा प्रकार अगदीच नवा असेल तर थेट सोडवायला बसू नका. आधी दोन-तीन सोडवलेली उदाहरणं ओळ न ओळ वाचा, प्रत्येक ओळीला "हे असं का केलं" ते तोंडाने बोला. जॉन स्वेलर यांचं यावर बरंच काम आहे, नवशिक्याला सोडवलेल्या उदाहरणांचा फायदा जास्त होतो कारण उत्तर शोधायच्या धडपडीतच त्याची ती छोटीशी जागा संपून जाते आणि पद्धत शिकायला काही उरतच नाही. पण थोडं जमायला लागलं की मात्र सोडवलेली उदाहरणं बंद करा, तेव्हा ती उलट आडवी येतात.

या वाचनात मोबाईल दुसऱ्या खोलीत, कारण वर सांगितलंच. हायलायटर वापरायचाच असेल तर वापरा पण त्याला अभ्यास समजू नका. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाईट करणं आणि परत परत वाचणं खालच्या दर्जात गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी हे दोनच वरच्या दर्जात आले.

तिसरी पायरी: पुस्तक बंद, कोरा कागद

हीच खरी पायरी आहे, बाकी काहीच करणार नसाल तर एवढी तरी करा.

एक टॉपिक वाचून झाला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते सगळं लिहा, वाकडंतिकडं चालेल, बाण काढा, अर्धी वाक्यं लिहा. अडलात की लगेच पुस्तक उघडू नका, थोडं थांबा, डोक्याला ताण द्या, तो ताण म्हणजेच काम आहे. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेलं आणि चुकलेलं भरा. हे भरणं टाळू नका, नाहीतर चुकीचंच पक्कं होतं. तो दुसरा रंग म्हणजे तुमची पुढच्या वेळची यादी.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून एकदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने विचारलं तर सगळं उलटं, वाचणारे ४२ टक्क्यांवर आणि लिहिणारे ५६ वर! हे आकडे नीट बघा, कारण आपली फसगत नेमकी इथेच होते. आदल्या रात्री वाचून "सगळं येतंय" वाटतं ते त्या पाच मिनिटांवालं वाटणं असतं. डोळ्यांना पान ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच येणं समजतो. पेपर मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी असतो.

आणि पेपरच्या हॉलमधल्या टेन्शनचं काय? ताण आला की मेंदू सवयीच्या यंत्रणेकडे झुकतो आणि हिप्पोकॅम्पसमधून काही बाहेर काढणं जड जातं, घाम फुटतो आणि पाठ असलेलं गायब होतं ते यामुळे. पण २०१६ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला, त्यात ज्यांनी परत परत वाचून शिकलं होतं त्यांची आठवण ताणाखाली घसरली आणि ज्यांनी स्वतःहून आठवत शिकलं होतं त्यांची घसरली नाही. ज्या मुलांना घरी सगळं येतं आणि हॉलमध्ये ब्लँक होतं त्यांनी ही पायरी तर अजिबात सोडू नये.

चालता चालता, बसमध्ये, भाकरी थापताना पण हे करता येतं, फक्त मनात म्हणायचं, "१८५७ नंतर काय काय बदललं, चल सांग". शेतातलं किंवा घरातलं काम करून अभ्यास करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, तुमचा तो वेळ वाया जात नाहीये, तिथेच सगळ्यात चांगली उजळणी होऊ शकते.

चौथी पायरी: गॅप

आज केलेलं उद्या, मग काही दिवसांनी, मग अजून लांब. थोडं विसरायला होऊन मग आठवायला लागलं की ते जास्त पक्कं होतं. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की आपण शिकलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतो आणि नंतर तो वेग कमी होत जातो.

गॅप किती ठेवायची? यावर २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला, त्याचं सार असं की परीक्षा जितकी लांब तितकी गॅप मोठी. काही आठवड्यांवर असेल तर त्या काळाच्या साधारण पाचवा भाग, म्हणजे महिन्यावर परीक्षा तर पाच-सहा दिवस, आणि वर्षभरावर असेल तर त्या मानाने कमी, पाच ते दहा टक्के, म्हणजे तीन-चार आठवडे. तंतोतंत पाळायची गरज नाही, अंदाज पुरतो.

सोय अशी करा. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे. वहीच्या पानाचे तुकडे करून एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सगळे तुकडे पहिल्या कप्प्यात, तो रोज. उत्तर आलं की तुकडा पुढच्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. चुकला की परत पहिल्यात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली, आणि अँकी नावाचं ॲप हेच काम आपोआप करतं, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. पण तुकडे स्वतः बनवा, कुणाचे तरी तयार हजारो तुकडे उतरवून घेतले तर पाठ होतं पण जोडलं जात नाही.

पाचवी पायरी: गणितं मिसळा

अंकगणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याचं प्रकरण, मग त्याखाली ओळीने चाळीस गणितं. पहिली पाच झाली की उरलेली हात आपोआप करतो, सूत्र कुठलं हे ठरवायचंच नसतं. पेपरमध्ये मात्र शेकडेवारीनंतर काळ-काम-वेग, त्यानंतर सरळव्याज, आणि कुठलं सूत्र लावायचं ते कुणी सांगत नाही.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं, अर्ध्यांना एकेक प्रकार संपवत, अर्ध्यांना मिसळून. सरावात एकेक प्रकारवाल्यांची ८९ टक्के बरोबर आणि मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, एकेक प्रकारवाले २० टक्के आणि मिसळवाले ६३. सरावात मार खाणारेच परीक्षेत तिप्पट पुढे.

म्हणून नवीन प्रकार असेल तेव्हा चार-पाच सलग सोडवा, हात बसू द्या, मग लगेच जुन्या प्रकरणांत मिसळा. रोज वेगवेगळ्या प्रकारांची दहा-बारा गणितं, आणि प्रत्येकाआधी एक ओळ लिहायची, "हे कुठल्या प्रकारचं आणि कशावरून". वेळ कमी असेल तर नुसती ती ओळच लिहा, गणित सोडवू नका, तरी फायदा आहे. स्कोअर पडेल, पडू द्या.

सहावी पायरी: जे आपोआप यायला हवं ते आपोआप करा

घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. आपल्याकडे संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायचे, पाढे, पावकी, निमकी, दीडकी, सगळं तोंडपाठ, पुस्तक हातात नाही आणि रोज. म्हणजे आठवून म्हणणं झालं आणि अंतरा-अंतराने उजळणीही झाली. ज्याला "सात आठे छप्पन्न" विचार न करता येतं त्याची वर्किंग मेमरी मूळ गणितासाठी मोकळी राहते, ज्याला बोटं मोजावी लागतात त्याची तिथेच भरते. म्हणजे सवयीच्या यंत्रणेने खालचं काम उचललं की वरच्या विचाराला जागा मिळते.

फक्त एक काळजी, एकाच क्रमाने म्हणून थांबू नका. वेदपाठशाळांत जटापाठ, घनपाठ असतात, त्यात शब्द पुढून मागून, मागून पुढे फिरवून म्हणतात. पाढ्यांचं पण तसंच करा, मधूनच विचारा, उलटं विचारा, "छप्पन्न कशाकशात येतात". अशा सरावात बरोबर की चूक ते ताबडतोब कळू द्या. फोर्डे आणि डाफ्ना शोहामी यांनी २०११ मध्ये दाखवलं की उत्तर लगेच कळलं तर स्ट्रायटम जास्त शिकतो आणि काही सेकंद उशिरा कळलं तर हिप्पोकॅम्पस. यावरून मी माझ्यापुरतं असं ठरवलंय, पाढे आणि स्पीडच्या सरावाला उत्तर लगेच, समजून घ्यायच्या प्रश्नांना उत्तर जरा थांबून, आधी आपलं कारण लिहून मग.

झोप

थोडक्यात सांगते. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं की शिकून झोपलं तर तेवढ्याच वेळ जागं राहण्यापेक्षा कमी विसरायला होतं, आणि नंतरच्या संशोधनात झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभराचं परत उगाळतो हे पण दिसलंय. रात्री दोनपर्यंत बसून सहाला उठणाऱ्यांनी निदान एक आठवडा झोप पूर्ण करून बघा आणि कोऱ्या कागदावर फरक तपासा.

दिवस कसा दिसेल

सकाळी डोकं ताजं असताना नवीन वाचन, छोटे टॉपिक, प्रत्येकानंतर पुस्तक बंद करून कागद. दुपारी जेवणानंतर जड वाटतं तेव्हा मिसळलेली गणितं, कारण हात चालू असला की डुलकी येत नाही. संध्याकाळी खोक्यातले त्या दिवसाचे तुकडे आणि पाढे. रात्री झोपायच्या आधी नवीन काही नाही, सकाळी जे वाचलं ते दिवा बंद करून मनात एकदा आठवायचं, अडेल ते सकाळी बघायचं. रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून, आणि तपासताना चुकांपुढे एक अक्षर लिहायचं, "न" म्हणजे माहितीच नव्हतं, "आ" म्हणजे माहीत होतं पण आठवलं नाही, "प्र" म्हणजे प्रकारच ओळखला नाही, "ग" म्हणजे गडबड. "न" जास्त असतील तर दुसरी पायरी वाढवा, "आ" जास्त तर तिसरी आणि चौथी, "प्र" जास्त तर पाचवी, "ग" जास्त तर सहावी आणि झोप. बारा तासांच्या टाइमटेबलपेक्षा हे चार अक्षरांचे आकडे दर रविवारी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि पुढच्या आठवड्याचे तास त्यावरून वाटून घ्या.